घेतलं म्हणेपर्यंत

काचेच्या दुकानात नवा माणूस ठेवायचा असला की मालक त्याचे हात बघत. ओरखडे एकही नसले तर नवखा, फार असले तर धांदरट. घेतलंकाकांच्या हातावर जुने दोनचार ओरखडे होते आणि नवा एकही नव्हता. गिऱ्हाईक आलं की मालक त्यांचे हात धरून दाखवत, जणू हेही विकायलाच ठेवलेत.

दुकान तसं अरुंद, पण आत लांबवर गेलेलं. पुढे आरसे आणि तसबिरींच्या चौकटी, मागे काच कापायचं लांबलचक टेबल आणि त्यावर अंथरलेलं जुनं जाड ब्लँकेट. भिंतीला टेकून काचा उभ्या, दर दोन काचांच्या मधे शिळं वर्तमानपत्र. काका खिशातून हिरकणी काढत, पट्टीला लावून एकदाच ओढत, आणि काच सांगितल्यासारखी दुभंगत असे. पण त्यांचं नाव झालं ते हिरकणीमुळे नव्हे. ते झालं एका शब्दामुळे.

मोठी काच दोघांनी उचलायची असते. ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना काका थांबत आणि विचारत, "घेतलं?" समोरच्याने तोंडाने "घेतलं" म्हणायचं. मान हलवलेली चालत नसे, "हं" चालत नसे, "द्या हो" तर मुळीच नाही. शब्द कानावर पडेपर्यंत काका हात सोडत नसत. एकदा एक घाईतला गृहस्थ आरसा गुंडाळून घेऊन निघाला तर काकांनी दुसरं टोक धरूनच ठेवलं. तो म्हणाला, "अहो, सोडा की." काका म्हणाले, "घेतलं म्हणा." रस्त्यावरची माणसं उभी राहून ती ओढाताण बघायला लागली, तेव्हा कुठे तो गृहस्थ लाल तोंडाने "घेतलं बाबा, घेतलं" म्हणाला. पण एक खरं, काकांच्या हातून दिलेली काच कधी फुटली नाही. शेवटी मालकांनी दुकानात तोच नियम करून टाकला आणि सगळे कामगार दिवसभर एकमेकांना "घेतलं? घेतलं" करायला लागले. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटे, आत कसलीतरी लूट चालली आहे.

घरीही तेच. चहाचा कप देताना बायकोला विचारत, "घेतलं?" ती म्हणायची, "अहो, कप आहे. तोफ नाही." मुलगी झाली तेव्हा तिला मेहुणीच्या हातात देताना त्यांनी असं काही विचारलं की मेहुणी रुसलीच. "घेतलं नाही तर काय खाली टाकणार आहे?" म्हणाली. ती अजूनही चारचौघांत ते उगाळते. मुलगी मोठी झाली तसा तिला बापाबरोबर बाजारात जायचा संकोच वाटू लागला. सुटे पैसे देतानाही बाप दुकानदाराकडून वदवून घेतो म्हटल्यावर कोणत्या पोरीला बरं वाटेल?

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, एवढं सगळ्यांना कळत होतं. पण ह्यांचं दूध कोणतं, ते कोणी विचारलं नाही, आणि पोळलेलं तोंड दाखवायला काका तयार नव्हते. मालकांनी कौतुक सुरू केलं की ते खाली मान घालून मागे जात आणि आधीच पुसलेली काच पुन्हा पुसत बसत. लोक त्याला नम्रपणा म्हणत. लोकांना सगळ्या खाली घातलेल्या माना सारख्याच दिसतात. ती लाज होती, आणि ती त्या दुकानापेक्षा जुनी होती.

तेव्हा ते काका नव्हते. विशीतला पोरगा होता, युद्ध चालू होतं आणि गावाबाहेरच्या पठारावर विमान शिकवायचा तळ होता. तिथली विमानं म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून रंगवलेलं कापड, आणि बसायला दोन खळगे. पुढच्यात शिकणारा, मागच्यात शिकवणारा. दोघांच्या पुढ्यात एकेक दांडा, आतून जोडलेला. एकाने हलवला की दुसऱ्याचाही हलायचा. म्हणून नियम असा की एका वेळी एकानेच धरायचा. मागचा म्हणणार, "तुझ्याकडे." पुढचा म्हणणार, "माझ्याकडे." मग मागच्याने हात काढून मांडीवर ठेवायचे. बोलायला एक रबरी नळी होती, कानटोपीत बसवलेली, आणि तिच्यातून माणसाच्या आवाजापेक्षा वाराच जास्त बोलायचा.

त्या तळावर शत्रूचं तोंडही न बघता पोरं मरत होती. कोणी धुक्यात टेकडीवर गेला. कोणी उतरताना दुसऱ्याच्या विमानावरच चाकं टेकवली. कोणाचं इंजिन चढताना बंद पडलं आणि सरळ उतरायचं सोडून तो मागे वळायला गेला, आणि वळणातच संपला. जेवणाच्या खोलीत एखादी खुर्ची रिकामी दिसायची, मग तिथे नवा येऊन बसायचा आणि आमटीचं भांडं सरकवा म्हणायचा. त्यावर बोलायची पद्धत नव्हती. लढाईत मेला असं घरी सांगायलाही येत नसे, कारण लढाई होती कुठे? शिकताना मेला म्हणायचं, आणि ते ऐकायला असं लागतं की मुलगा नापास झाला.

आपल्या ह्या पोराचं विमानाशी बरं जमत होतं. हात हलका होता, पोट डचमळत नव्हतं. खोड एकच. नळीतून काही सांगितलं की तो विचारायचा, "परत सांगा, सर?" कान चांगले होते. त्याला फक्त खात्री करून घ्यायची असायची. झालं, त्याचं नाव पडलं परतसांग्या. त्याने मीठ मागितलं की टेबलाभोवतीचे सगळे एका सुरात म्हणायचे, "परत सांगा?" आणि त्यात सगळ्यात मोठ्याने हसायचे ते त्याचे सर.

सर म्हणजे फार मोठे नव्हते, त्याच्याहून चारपाच वर्षांनी पुढे. ह्याच गावचे. पठाराच्या पायथ्याशी जी शाळा आहे तिथे त्यांची आई शिकवायची. तिला सगळा गाव बाई म्हणायचा. एकदा सरांनी शाळेवरून विमान इतकं खाली नेलं की मुलं वर्ग सोडून मैदानात धावली, आणि बाईंनी फळा पुसायचं फडकं हलवून त्यांना उत्तर दिलं. त्याबद्दल सरांना वरिष्ठांनी चांगलं फैलावर घेतलं होतं. माणूस उमदा, तोंडाचा फटकळ. एका संध्याकाळी सगळ्यांदेखत ते पोराला म्हणाले, "अरे, उद्या तुझं लग्न ठरेल. मुलगी हो म्हणेल आणि तू म्हणशील, परत सांगा. ती काय दुसऱ्यांदा हो म्हणणार आहे होय?" खोलीभर हशा झाला. पोरगाही हसला. पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या आणि त्याने तिथल्या तिथे मनाशी ठरवलं की आता पुन्हा विचारायचं नाही. एकदा ऐकू आलं ते आलं.

आता ह्यात सरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. थट्टा सगळेच करतात. पण चेष्टेने माणसाचा अवगुण जातो, तसा कधी कधी गुणही जातो, आणि ते करणाऱ्याला कळत नाही.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. दुपार कलत आली होती, दोघं तळाकडे परत निघाले होते. उतरणीला लागायचं कसं ते सर दाखवत होते. इंजिन मंद केलं, नाक किंचित खाली, विमान घसरगुंडीवरून यावं तसं अलगद खाली येत होतं. पोराचे हात मांडीवर. इतक्यात नळीत काहीतरी झालं. शब्द असेल, खोकला असेल, वारा असेल. "तुझ्याकडे" असं म्हटलं असावं का? विचारावं का? तोंडाशी आलेलं "परत सांगा" त्याने गिळलं. माझ्यासाठी असेल तर पुन्हा सांगतील, असा विचार करून तो गप्प बसला.

मागे सरांनी दांडा सोडला होता. त्यांचेही हात मांडीवर होते. विमान मात्र चांगलं होतं. घरची वाट माहीत असलेला घोडा लगाम सुटला तरी जसा चालत राहतो, तसं ते आपोआप उतरत राहिलं. आणि मग नळीतून आवाज आला, ह्या वेळी अगदी स्वच्छ. "छान. अगदी छान. असंच धर."

सरांनी त्याला आजवर छान म्हटलं नव्हतं. त्याचं अंग मोहरलं. त्याने काहीच धरलेलं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. आतल्या आत कोणीतरी म्हणालंही, अरे, हे कौतुक कोणाचं चाललंय? पण फुकटचं कौतुकही गोडच लागतं, आणि ते विचारून घालवायचं कशाला? खाली उतरल्यावर बघू, असं म्हणून तो ते चघळत बसला. दांडा कोणाच्याच हातात नव्हता. मग झाडांची रांग आली, फार जवळ आली, आणि दोघांनी एकदम दांड्यावर झडप घातली.

शुद्धीवर आला तेव्हा तो गावच्या इस्पितळात होता आणि त्याचा पाय मोडला होता. सर गेले होते. विमान शाळेच्या अलीकडच्या शेतात पडलं होतं, तोंड शाळेकडे.

चौकशीला तळावरचे अधिकारी खाटेशी आले. एकाने विचारलं, "दांडा तुझ्या हातात होता का?"

"नाही," तो म्हणाला. हे खरं होतं.

"मग कोणाच्या हातात होता?"

"सरांच्या."

हे त्याला माहीत नव्हतं. उलट, नव्हता हेच त्याला कळून चुकलं होतं, कारण ते "छान" अजून कानात होतं. एका शब्दाची बाब होती. अधिकाऱ्यांनी "परत सांग" म्हटलं असतं तर तो कदाचित अडखळला असता. पण त्याच्यासारखी खोड त्यांना नव्हती. एकदा ऐकलं, मान हलवली आणि गेले.

निकाल असा लागला की शिकवणाऱ्याने हुकूम मोडून, फुशारकीपायी विमान शाळेवर खाली नेलं. आधी एकदा केलंच होतं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मेलेल्याला तोंड नसतं. गावच्या वाचनालयात तळावर मेलेल्या पोरांच्या तसबिरी लावल्या होत्या, त्या रांगेत सरांचीही लागली होती. ती उतरवून आईकडे परत दिली. गाव हळहळला आणि मग गाव बोलायला लागला. आईला सलाम ठोकायला गेला, म्हणाले, आणि दुसऱ्याच्या पोराला लंगडं करून बसला.

लंगडं पोर हे सगळं खाटेवर पडून ऐकत होतं. इस्पितळात चादरी धुणारी एक मुलगी होती. वाळलेल्या चादरींच्या घड्या घालताना ती दुसरं टोक ह्याच्या हातात द्यायची, पडल्या पडल्या तेवढं काम होतं म्हणून. टोकं तिच्या हातात परत देताना त्याने पहिल्यांदा विचारलं, "घेतलं?" ती हसून म्हणाली, "घेतलं." तो म्हणाला, "परत सांग." तिने परत सांगितलं. पुढे लग्न केलं तेही तिच्याशीच, आणि तिने दुसऱ्यांदाही हो म्हटलं.

माणूस लाजेच्या जागेपासून पळतो म्हणतात. हा पळाला नाही. पाय आखूड झाला, तळावरून सुटका झाली, घरचे बोलवत होते, तरी ह्याच गावात राहिला आणि काचेच्या दुकानात लागला. स्वतःला सांगायचा, कधीतरी बाईंना भेटून सांगू. रोज शाळेचा रस्ता चुकवून लांबच्या गल्लीने कामावर जायचा आणि रोज तेच ठरवायचा.

एक दिवस मुलांच्या चेंडूने शाळेची खिडकी फुटली आणि मालकांनी नेमकं ह्यालाच पाठवलं. त्याच्या चालण्यावरूनच बाईंनी ओळखलं. वर्गाला धडा वाचायला सांगून त्या बाहेर आल्या. तो काय बोलणार होता ते सगळं त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं. पण बाईच आधी बोलल्या.

"तुझा पाय माझ्या मुलाने मोडला," त्या म्हणाल्या. "त्याच्या वतीने मी माफी मागते."

तो चौकटीतले फुटके तुकडे वेचायला लागला. बाईंनी विचारलं, "शेवटी काही बोलला का रे तो?"

"नाही," तो म्हणाला. आणि काच बसवून, कडेला भरलेला लांबीचा लगदा अंगठ्याने दाबून, पाठ फिरवून निघून आला.

तेव्हापासूनचा तो परिपाठ. बाईंकडे काही फुटलं, सैल झालं, खिळखिळं झालं की काका जाणार. काही झालेलं नसलं तरी जाणार, खिडक्यांची लांबी सुटली का ते तपासायला म्हणून. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. बाई निवृत्त झाल्या, थकल्या, एका खोलीत राहायला लागल्या, तरी काका आले की पुढे स्टूल सरकवून म्हणायच्या, "पाय वर ठेव. थंडीत ठणकत असेल." पुढे काही म्हणायची गरज नसे; त्यांचा चेहराच माफी मागायचा. ठणकायचा तो पाय नव्हे. काका मुकाट्याने पाय स्टुलावर ठेवत, चहा घेत, रिकामा कप परत देताना "घेतलं?" विचारत आणि घरी येऊन बायकोशी उगाच चिडचिड करत. आपली लाज एक म्हातारी वाहते आहे आणि वर आपल्यालाच पाय ठेवायला स्टूल देते आहे, हे त्यांना दिसत होतं. तरी वर्षं गेली. झाकली मूठ उघडायला जितका उशीर, तितकी ती घट्ट होते.

मग वाचनालयाचं काम निघालं. जुन्या तसबिरींच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या, त्या सगळ्या बदलायच्या होत्या. काका एकेक तसबीर उतरवून टेबलावर ठेवत होते. सगळी ओळखीची तोंडं. धुक्यातला, वळणातला, आमटीचं भांडं मागणारा. म्हातारे होत होते ते फक्त काका. रांगेत मधेच एक खिळा होता, नुसता.

"हा काढून टाका," वाचनालयाचे चिटणीस म्हणाले. "इथे काही लागत नाही. उगाच कोणाच्या बाहीला अडकतो."

काकांनी पक्कड हातात घेतली, खिळ्याला लावली आणि त्यांचा हात चालेना. सरांचं गावात एवढंच उरलं होतं. तेही त्यांच्याच हाताने उपटायचं म्हणजे फार झालं. ते म्हणाले, "राहू द्या. उद्या बघतो." पक्कड पिशवीत टाकली, दुकानात आले, हिरकणीने एक काच कापली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि तशीच घेऊन बाईंच्या खोलीकडे निघाले. सरांच्या तसबिरीची काच कोपऱ्यात तडकलेली होती, हे त्यांना बरेच दिवस ठाऊक होतं.

बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. काकांना बघून स्टुलाकडे हात करून म्हणाल्या, "बस. पाय वर ठेव."

"आज नको," काका म्हणाले. त्यांनी भिंतीवरची तसबीर उतरवली, मागचे खिळे काढले, जुनी काच बाजूला केली, नवी बसवली. सर तरुण होते, हसत होते, कानटोपी हातात होती. चौकटीत काच घट्ट बसल्यावर काका तिथेच उभे राहून बोलायला लागले, भिंतीकडे तोंड करून.

सगळं सांगितलं. नळीतला आवाज, मांडीवरचे हात, ते छान, ती झाडं. खाटेवर दिलेलं उत्तरही. "सर शाळेवर आलेच नव्हते," ते म्हणाले. "फुशारकी नव्हती ती. त्यांना वाटलं मी धरलंय, मला वाटलं त्यांनी. विचारायची लाज वाटली मला. आणि नंतर सांगायची. तुम्ही उगाच माझी माफी मागत आलात, बाई. उद्या मी वाचनालयात जाऊन सांगतो. खिळा अजून आहे तिथे."

बोलता बोलता त्यांची छाती हलकी झाली. इतक्या वर्षांनी पुरा श्वास घेतल्यासारखं वाटलं. बाई आता रडतील, मग शांत होतील, म्हणतील, माझा मुलगा निर्दोष होता. असं काहीसं त्यांनी धरून ठेवलं होतं. ते वळले.

बाई रडत नव्हत्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"म्हणजे तो माझ्याकडे येत नव्हता," त्या म्हणाल्या.

काकांना आधी समजलंच नाही.

"त्या दिवशी आवाज ऐकला मी," बाई म्हणाल्या. "मुलांना म्हटलं, चला, आला. सगळ्यांना मैदानात काढलं. फडकं हातात होतं माझ्या. विमान आमच्याकडेच तोंड करून येत होतं. मी हलवत होते फडकं, शेवटपर्यंत." त्या थांबल्या. "लोक काय वाटेल ते बोलले. बोलू दिलं. बाजारात मान खाली घालून गेले, वाचनालयाची पायरी पुन्हा चढले नाही. पण घरी आल्यावर माझ्यापाशी एक होतं. मला बघायला येताना गेला. चुकला, हुकूम मोडला, तुझा पाय मोडला, सगळं खरं. पण माझ्याकडे येत होता."

काकांनी तसबीर छातीशी धरली.

"आणि तू म्हणतोस, कोणीच येत नव्हतं. ते नुसतं घसरत होतं."

"बाई, मला वाटलं, तुम्हाला..."

"खिळा भरेल रे. गाव चांगलं म्हणेल. माझं काय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. पोराने पाटी फोडली तर बाई जेवढ्या आवाजात बोलत, तेवढाच होता. "हे सांगायच्या आधी मला विचारलंस का तू? तुला ऐकायचंय का, म्हणून?"

नव्हतं विचारलं. चहाचा कप देताना विचारणारा माणूस, सुट्या पैशांना विचारणारा, स्वतःच्या मेहुणीला विचारून रुसवणारा. इतक्या वर्षांचं ओझं ह्या म्हातारीच्या मांडीवर ठेवून मोकळा झाला आणि तिने ते घेतलं का, एवढं विचारलं नाही. छातीतला तो हलकेपणा त्यांना आता चोरीच्या मालासारखा वाटायला लागला. खाटेवर असताना वाटली त्याहून ही लाज मोठी होती. तेव्हा त्यांनी बाईंच्या मुलाचं चांगलं नाव घेतलं होतं. आज मुलगाच घेतला.

तसबीर अजून त्यांच्या हातात होती. ती तरी द्यावी म्हणून ते खुर्चीजवळ गेले आणि त्यांनी ती पुढे केली. बाईंनी दोन्ही हातांनी कडा धरल्या. सवयीने काकांच्या तोंडून निघालं, आणि निघताच ते परत गिळावंसं वाटलं.

"घेतलं?"

बाई काही बोलल्या नाहीत. चौकट दोघांच्या हातांत राहिली. खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काकांचे दंड अवघडले, आखूड पायात कळ आली, पण शब्द कानावर पडल्याशिवाय सोडायचं त्यांना येत नव्हतं. बाईंना ते माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत होतं.

"घेतलं असं मी म्हणणार नाही," बाई शेवटी म्हणाल्या आणि त्यांनी आपले हात काढून मांडीवर ठेवले. "धर तू."

काका धरून उभे राहिले. खोलीत अंधारून आलं तेव्हा बाई दिवा लावायला उठल्या, आणि तसबीर अजून काकांच्या हातात होती.